कोटाची भिंत कुठून जात होती?

मंडळी, मुंबईच्या जुन्या नकाशांवर बोलायचं म्हटलं की पहिली फर्माईश सात बेटांच्या नकाशाची येते. तो मी आज मुद्दाम आणलेला नाही. निळ्या समुद्रात सुटी सुटी सात बेटं दाखवणारं ते चित्र त्या काळी कुणी साखळ्या टाकून मोजलेलं नाही. खडक, खाजणं, गावांची नावं यांवरून पुढच्या अभ्यासकांनी ते जुळवलं. शिवाय ते भरतीच्या वेळचं चित्र आहे. ओहोटी लागली की मधल्या बऱ्याच खाड्यांत नुसता चिखल उरायचा आणि माणसं चालत पलीकडे जायची. या ओहोटीवरून पुढे दोन सरकारांत भांडण झालं, त्याकडे मी येईनच.

आजचा विषय गावाच्या हद्दीचा. जुना नकाशा हातात आला की आपण आधी त्यात आपली गल्ली शोधतो. माझं म्हणणं असं, की आधी तो कुणी काढून घेतला ते बघावं. किल्ल्याच्या इंजिनिअरने काढलेल्या नकाशात बुरुज, खंदक, तोफांचा पल्ला हे सगळं काटेकोर असतं आणि घरं म्हणजे नुसते ठोकळे. महसूल खात्याच्या नकाशात नेमकं उलट; तिथे प्रत्येक वाडीची कड मोजलेली, कारण तिच्यावर सारा बसतो. दोघेही खरं बोलतात, पण आपापल्या कामापुरतं.

आता कोट घेऊ. फोर्ट म्हणतो तो भाग. 1716 च्या सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, गावाभोवतीची भिंत पुरी झाली. तिला तीन दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बाजार गेट. पूर्वेला बंदर. आतलं गाव अगदीच आटोपशीर. अपोलो गेटपासून बाजार गेटपर्यंत जेमतेम मैलभर लांब आणि सगळ्यात रुंद जागी पाव मैल. नकाशात भिंतीबाहेर जी नागमोडी दुहेरी रेघ दिसते तो खंदक. तो नंतरचा आहे, आणि त्याचं श्रेय आपल्याकडे जातं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईतल्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. मराठे आता खाडीच्या पलीकडे येऊन बसले होते. खंदकासाठी व्यापाऱ्यांनी 30,000 रुपयांची वर्गणी काढली. व्यापारी खिशात हात घालतो तेव्हा भीती खरी असते, एवढं आपण धरून चालू.

भिंतीपेक्षा मला तिच्या बाहेरची मोकळी जागा जास्त महत्त्वाची वाटते. नकाशात तिथे काहीच नाही, म्हणून नजर तिच्यावरून घसरते. तोफा भिंतीवर चढवल्या तर समोर आडोसा नको. शत्रू घरांमागे लपेल, झाडांमागे लपेल. म्हणून तोफेच्या माऱ्यातली घरं आणि माड काढून टाकले आणि ते मैदान रिकामं ठेवलं. त्याला एस्प्लनेड म्हणत. 17 फेब्रुवारी 1803 ला कोटात मोठी आग लागली, उत्तरेकडचा दाट वस्तीचा भाग जळाला. त्यानंतर ही मोकळी जागा आणखी रुंद करण्यात आली आणि लोकांना बाहेर, मैदानाच्या पलीकडे, वस्ती करायला लावलं. त्या बाहेरकोटात आधीपासून वस्ती होतीच, ती आता झपाट्याने वाढली. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी हा सगळा पसारा नकाशात कोटापासून तुटलेला दिसतो. एकाच शहराचे दोन तुकडे आणि मधे पोकळी. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज अशी ओळीने मैदानं दिसतात, आणि इंग्रजांना मोकळ्या हवेची काय आवड होती म्हणून कौतुक होतं. आवड असेलही. पण ती जागा मोकळी राहिली ती तोफांसाठी.

आता ही भिंत आजच्या रस्त्यावर कशी शोधायची ते बघू. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना 1860 च्या दशकात ती पाडली. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' 1863 सालचं, म्हणजे ते अजून तटबंदी असलेल्या मुंबईबद्दल लिहीत होते. पाडल्यानंतर भिंतीचा दगड गेला, पण तिची रेघ राहिली. काळा घोड्याजवळच्या के. दुभाष मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो. तटाला लागून असलेली ओळ. तिथून फ्लोरा फाउंटनकडे या. चर्च गेट इथे होतं, स्टेशनजवळ नव्हे. आत गेलं की समोर सेंट थॉमसचं देऊळ, म्हणून दरवाजाला ते नाव; दरवाजावरून रस्त्याला आणि रस्त्यावरून पुढे समुद्राकाठच्या स्टेशनाला. फाउंटनपासून उत्तरेला दादाभाई नौरोजी रोड साधारण पश्चिम तटाच्या कडेने जातो.

या रस्त्यावर सी.एस.एम.टी.कडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला आत शिरणाऱ्या गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना चिकटलेली. बोरा बाजार, बाजार गेट स्ट्रीट. डाव्या हाताला भलीमोठी आवारं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, अंजुमन-ए-इस्लाम, महापालिकेची इमारत, सगळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिलेली. उजवीकडे भिंतीच्या आत कोंबून बसलेलं गाव, डावीकडे एस्प्लनेडची फुकट हाती आलेली जमीन. नकाशा नसला तरी भूखंडांच्या आकारावरून हद्द सापडते. आणि दगडच बघायचा असेल तर सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जा. तिथे 1769 च्या फोर्ट जॉर्जचा तुकडा अजून शिल्लक आहे.

दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे तर न हललेल्या खुणा लागतात. हौशी मंडळी इथे हमखास किनारा धरतात आणि फसतात. पूर्वेचा किनारा तर साफ सरकलाय. बॅलार्ड इस्टेटची सगळी जमीन विसाव्या शतकातल्या भरावाची. टाउन हॉल चांगला, पण तो 1833 चा, त्याआधीच्या नकाशात मिळणार नाही. सगळ्यात भरवशाचं ते सेंट थॉमसचं चर्च. 1718 पासून जागचं हललेलं नाही. इंग्रजांनीही अंतरं तिथूनच मोजली. काळबादेवीपासून वर शीवच्या दिशेने जे जुने मैलाचे दगड सापडतात, फुटपाथमध्ये अर्धे गाडलेले, त्यांच्यावर सेंट थॉमसपासून किती मैल ते कोरलेलं असतं. काही दगड अलीकडे उकरून नीट उभे केलेत.

आता दुसरी हद्द, उत्तरेची. इथे ते ओहोटीचं भांडण येतं. 23 जून 1661 च्या तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय. पण मुंबई म्हणजे नक्की केवढी? गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द कास्त्रु याला हे देणंच मान्य नव्हतं, त्याने शक्य तितकी टाळाटाळ केली. शेवटी फेब्रुवारी 1665 मध्ये इंग्रजांच्या हंफ्री कुकच्या ताब्यात एकटं मुंबई बेट दिलं. कुक पुढे सरकला आणि त्याने माहीमही घेतलं. त्याचा युक्तिवाद असा, की ओहोटीला मुंबईहून माहीमला चालत जाता येतं, तेव्हा ते मुंबईचंच. व्हाइसरॉयने आपल्या राजाला पत्र लिहिलं, सोबत नकाशा धाडला. त्याचं म्हणणं, माहीम वेगळं आहे हे नकाशात दिसतंच आहे. आणि हा न्याय लावला तर ओहोटीला मुंबईहून साष्टीला, म्हणजे खाडीपलीकडच्या मोठ्या बेटालाही जाता येतं, साष्टीहून पुढेही जाता येतं, मग उत्तरेचा सगळा मुलूखच गेला म्हणायचा. मला हा माणूस आवडतो. कुकच्या बोलण्यातली मेख त्याने बरोबर पकडली होती. एकजण भरतीचा नकाशा दाखवतो, दुसरा ओहोटीत चालून दाखवतो. कुक चालून मोकळा झाला आणि माहीम इंग्रजांकडे राहिलं.

पण साष्टी राहिली नाही, आणि त्यामुळे माहीमची खाडी परराज्याची सीमा झाली. पलीकडे वांद्र्यात 1739 पर्यंत पोर्तुगीज, मग 1774 च्या अखेरपर्यंत मराठे. माहीमचा, शीवचा, रिव्याचा किल्ला नकाशावर टिंबं देऊन जोडून बघा. उत्तरेची कड आपोआप उमटते. पुढे साष्टीही इंग्रजांनी घेतली, 1782 च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली. 1845 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला. दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले, तरी महापालिकेची हद्द 1950 पर्यंत खाडी ओलांडून गेली नाही. त्या साली उपनगरं आत आली, 1957 ला दहिसर-मुलुंडपर्यंत हद्द वाढली. जिल्हे मात्र 1990 पासून पुन्हा दोन, शहर आणि उपनगर, आणि रेघ तीच. रिक्षावाला वांद्र्याला उतरवून मागे वळतो, तोही याच रेघेवर. रिक्षाबंदीची कारणं वेगळी आहेत, कुकला त्यात ओढायला नको. पण नवा नियम करताना सरकारला जुनी रेघ आयती सापडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

शेवटी कामाचं सांगतो. शहराची महसुली मोजणी नीट झाली ती आधी कॅप्टन थॉमस डिकिन्सनची, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झालेली. मग कर्नल लॉटनची, 1865 ते 1872, म्हणजे भिंत नुकतीच जात असताना. लॉटनचे दाट वस्तीचे पत्रे, म्हणजे नकाशाचे ताव, एका इंचाला 40 फूट अशा मापाचे आहेत; विहीर, ओटा, बोळ सगळं दिसतं. खरेदीखतं याचा माग ठेवतात. शहरातल्या जुन्या मिळकतीच्या खताला मागे परिशिष्ट असतं, तिथे एकाच जागेचे नंबर ओळीने दिलेले असतात: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, लॉटन सर्व्हे नंबर, आणि शेवटी सी.एस., म्हणजे कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, अमुक डिव्हिजनचा. वकील फक्त शेवटचा बघतात. उपनगरातल्या खतावर सी.टी.एस., म्हणजे तिकडच्या सिटी सर्व्हेचा नंबर असेल, लॉटन नसेल, कारण लॉटनची साखळी खाडीपाशी थांबली. तुमच्यापैकी कुणाकडे गिरगाव, माझगाव, परळ, माहीम भागातलं आजोबांच्या वेळचं खत असेल तर परिशिष्टाच्या पानाची झेरॉक्स काढून आणा. लॉटन नंबर आणि डिव्हिजन एवढं मिळालं की पत्रा कोणता ते काढता येतं, आणि तुमच्या चाळीच्या जागी तेव्हा वाडी होती की खाजण, ते त्यावर बघता येईल.