पोर्ट्रेट भिंतीवर लावताना

मंडळी, पोर्ट्रेटच्या प्रदर्शनाचा विषय निघाला की बोलणं कॅमेऱ्यावर जातं. भिंतीकडे कुणी वळत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग कामगार किंवा विडी वळणारी बाई दालनात येते तेव्हा बघणारा तिच्याकडे बरोबरीनं बघेल की नाही, हे बरंचसं खिळा कुठे ठोकला यावर ठरतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवायचा, असा प्रघात आहे. पोर्ट्रेटला तो पुरत नाही, कारण डोळे क्वचितच मध्यावर असतात. मग एका फोटोतला माणूस आपल्या डोक्यावरून बघतो, शेजारचा छातीकडे. म्हणून रांगेतल्या सगळ्या फोटोंचे डोळे एका रेषेत आणावेत. समजा, रेष १४८ सेंटिमीटरवर आहे आणि डोळे फ्रेमच्या वरच्या कडेपासून २५ सेंटिमीटर खाली. म्हणजे वरची कड १७३ वर आली. फ्रेममागची टांगायची तार ताणल्यावर कडेखाली ६ सेंटिमीटरवर येत असेल, तर खिळा १६७ वर. प्रत्येक फ्रेमची तार वेगळी मोजा. इथे आळस केला की रांग वाकडी झालीच.

एक गोष्ट मात्र भिंतीला दुरुस्त करता येत नाही. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या विडी कामगार बाईचा फोटो उभ्यानं काढला, तर त्यात तिचा भांग दिसतो, चेहरा नाही. तिथे फोटोग्राफरनं जमिनीवरच बसलं पाहिजे.

छपाईत मेगापिक्सेलची काळजी फार केली जाते. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल २४ × १६ इंचावर इंचाला २५० पिक्सेल देते, तेवढं पुष्कळ झालं. खरं बिघडतं ते फोटोतल्या काळोख्या भागात. संगणकाचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. दारातून एका बाजूनं उजेड आलेला सावळा चेहरा मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, कागदावर अर्धा बुजतो. मोठी प्रत काढण्याआधी त्याच कागदावर चेहऱ्याची चार इंची पट्टी छापून दालनातल्याच दिव्याखाली बघावी. दिवा उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांत ठेवावा. फार सरळ वरून आला तर फ्रेमची सावली कपाळावर पडते, फार समोरून आला तर काच चमकते.

प्रत माउंटला, म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला, फक्त वरच्या कडेला, दोन कागदी पट्ट्यांनी टांगा. चारी बाजू चिकटवल्या तर मे महिन्यात कोरडा पडलेला कागद पावसाळ्यात फुगतो, जागा न मिळाल्यानं लाटा धरतो.

आता फोटोखालच्या ओळी. आउगुस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकारानं १९२८ मध्ये पेस्ट्री बनवणाऱ्या आचाऱ्याचं नामांकित पोर्ट्रेट काढलं. त्याखाली व्यवसाय आहे, नाव नाही. समाजाचे थर मांडणं हा त्याचा हेतू होता, त्याला ते शोभलं. आपण ‘कष्टकरी स्त्री’ एवढंच लिहिलं तर माणूस नमुना होतो. संमती असेल तर नाव, काम, वस्ती, वर्ष लिहावं; मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्हींत, किमान २० पॉइंट आकाराच्या अक्षरांत. छापण्यापूर्वी हा मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवावा, आणि तिनं खोडायला सांगितलेली ओळ खोडावी.