पूर ओसरल्यावर मदतीला जाताय? आधी एवढं ऐका

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त! मिरजेहून बोलतोय. हातात हे घमेलं का, ते कळेलच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. २०१९ ला पाणी उतरलं तसं आमच्या चर्चच्या तरुण संघानं ठरवलं, सेवेला जायचं. रविवारी उपासना झाली, प्रार्थना केली आणि टेम्पो भरून निघालो. टेम्पोत काय? जुने कपडे! नदीकाठच्या एका गावात आजी म्हणाल्या, "कपडं लई आल्यात बाबा, चिखल काढाय कोण येईना."

मग घेतली फावडी आणि चिखल वाहायला हे घमेलं. उत्साह एवढा, की भिजलेल्या गाद्या, धान्याची पोती, टीव्ही, सगळं तासाभरात उकिरड्यावर. तेवढ्यात घरमालक पळत आले, "आरं थांबा, तलाठी यायचाय!" पंचनामाच झाला नव्हता. नुकसान दिसलंच नाही तर नोंद कशाची करणार? आमच्या सेवेनं त्या माणसाची भरपाई अडली असती. धावत जाऊन सगळं परत आणून अंगणात मांडलं. तेव्हापासून आमचा नेम आहे: आधी घरच्यांना विचारायचं, पंचनामा झालाय का. फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढायचे. मगच वस्तूला हात.

चिखलाचं मात्र उलटं, तिथं उशीर चालत नाही. ओला आहे तोवर फावड्याला येतो, वाळला की पहार लागते. आतल्या खोलीपासून दाराकडं ओढत आणायचा. लाईट वायरमननं बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. गमबूट, हातमोजे हवेतच. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते, पायाला जखम असेल तर त्या दिवशी टेम्पोतच बसा. आणि हो, अडगळीत साप असतो. खरंच असतो.

आता भिंती. मातीचं घर पाण्यात उभं असतं तेव्हा पडेलच असं नाही. पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर बसतं. तळाशी माती फुगलीय, मध्ये पोट आलंय, कोपरा सुटलाय असं दिसलं तर आत जाऊ नका, घरच्यांनाही जाऊ देऊ नका. पक्क्या भिंतीचंही आतलं पाणी लवकर निघत नाही. घाईनं गिलावा केला, रंग मारला, की पोपडे ठरलेले.

म्हणजे घर उभं करायचं काम खरं दिवाळीनंतर सुरू होतं. आणि तेव्हा टेम्पो येत नाहीत! पहिल्या आठवड्यात आम्ही चाळीस जण होतो, डिसेंबरात सहा. त्या सहांनी आजींच्या घराची मागची भिंत उभी केली. म्हणजे गवंड्यानं केली. आम्ही विटा वाहिल्या, माल कालवला. मी हौसेनं एक थर रचला होता, तो गवंडीमामांनी काही न बोलता उतरवला.

एक प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. "धर्म बदलायला जाता का?" मिरजेत १८९४ ला मिशनचा दवाखाना सुरू झाला, त्यामुळं "मिशनवाले आले" हे इकडं नवं नाही. पण शंका येते, आणि ज्याचं घर वाहून गेलंय त्याला ती विचारायचा हक्क आहे. आम्ही प्रार्थना निघण्याआधी करतो. त्यांच्या दारात पत्रकं नाहीत, मदत देतानाचे फोटो नाहीत. कुणाच्या घरी आधी जायचं ते ग्रामपंचायत सांगते, आमच्या चर्चच्या मंडळीची यादी नाही. कुणी स्वतःहून म्हणालं, "आमच्यासाठी मागा", म्हणजे प्रार्थना करा, तर मागतो.

यायचं असेल तर दिवाळीनंतरचा एक रविवार मोकळा ठेवा. डबा, पाणी आपलं आपण. बूट मापाचे आणा. मागच्या खेपेला नऊ नंबरचे पाय मी सात नंबरात कोंबले होते, आणि आजींनी मलाच खुर्चीवर बसवून चहा पाजला.