तंबोरा डावीकडे सरकला

[दृश्य: दादर, शिवाजी पार्कजवळची जुनी इमारत. बैठकीची खोली. भिंतीला टेकून दोन मोठे लाकडी स्पीकर. तंबोऱ्याचा आवाज.]

आधी फक्त तंबोरा ऐका. गाणं नाही, तबला नाही. चार तारा, एकच मायक्रोफोन, जुनी घरगुती टेप. एकाच मायक्रोफोनवर रेकॉर्ड केलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच यायला हवा आणि कानाला तो बरोबर मधोमध, त्या रिकाम्या भिंतीतून आल्यासारखा वाटायला हवा.

इथे तो मधोमध नाही. डावीकडे सरकलाय. आणि तो मीच सरकवलाय, २००९ साली.

[दृश्य: स्पीकरच्या मागची बाजू. दोन काळ्या कळा, भोवती आकडे, एक पांढरा ठिपका.]

हे स्पीकर माझ्या मामांचे. कंपनी अकूस्टिक रिसर्च, मॉडेल एआर-३ए. मामा तेव्हा बॉस्टनजवळ नोकरीला होते आणि ही कंपनी नदीपलीकडे केंब्रिजची. परत येताना त्यांनी फ्रिज तिथेच विकला, मिक्सर कुणाला तरी देऊन टाकला, स्पीकर मात्र घरसामानाबरोबर जहाजावर चढवले. स्पीकरला ११० आणि २२० व्होल्टचं काही देणंघेणं नसतं. एकेकाचं वजन २४ किलो. तिसऱ्या मजल्यावर ते कसे चढवले, ही गोष्ट मामी आजही सांगतात, आणि दर वेळी त्यात एक हमाल वाढतो.

थोडं मागे जाऊ. १९५४ साल. एडगर विलचर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी ही कंपनी काढली. त्या काळी खर्जाचा आवाज हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. विलचरांनी उलटा विचार केला. खोकं लहान करायचं, पूर्ण हवाबंद करायचं आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम द्यायचं. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा दाबून बघा. दांडा मागे रेटणारी जी हवा, तीच या स्पीकरच्या १२ इंची पडद्याला सांभाळते. १९५८ मध्ये एआर-३ आला, त्यात मधल्या आणि वरच्या पट्टीसाठी घुमटाच्या आकाराचे छोटे स्पीकर होते. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपला ३ए १९६७ चा. लाकडाच्या फिनिशप्रमाणे एकाची किंमत २२५ ते २५० डॉलर.

कंपनीला आपल्या मालाबद्दल खात्री इतकी, की न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी नुसती ऐकायची खोली उघडली होती. या, बसा, ऐका. तिथे विक्री करायचेच नाहीत. शिवाय मंचावर खरे वादक बसवायचे, मध्येच वाजवणं थांबवून एआर-३ वर रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि श्रोत्यांना ओळखायला सांगायचे. आता मुद्दा असा, की ज्यांनी हा खेळ लोकांसमोर मांडला, त्यांनी आतलं गणित अंदाजाने केलेलं नसणार. २००९ मध्ये मला हे सुचलं नाही.

[दृश्य: वूफरचे स्क्रू निघतात. कडेची काळी लांबी (पुट्टी) ताणली जाते, तुटते.]

आत जायचा रस्ता एकच. वूफर, म्हणजे खर्जाचा तो १२ इंची स्पीकर, काढायचा आणि त्या भोकातून कोपरापर्यंत हात घालायचा. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, कारण आत काचेच्या तंतूंचा कापूस ठासलेला आहे. पहिल्या वेळी मी तो उघड्या हाताने काढला. दोन दिवस हात खाजत होते.

कापूस निघाला, की मागच्या फळीवर क्रॉसओव्हर दिसतो. नाव भारदस्त, वस्तू साधी. तांब्याच्या तारेची वेटोळी म्हणजे कॉइल, काही कंडेन्सर आणि मागच्या त्या दोन कळा, मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमीजास्त करायच्या. काम वाटणीचं. अॅम्प्लिफायरकडून सगळं गाणं एकाच तारेतून येतं. ५७५ हर्ट्झच्या खालचं वूफरला, तिथून ५००० पर्यंतचं मधल्या घुमटाला, वरचं चिमुकल्या ट्वीटरला. कॉइल खर्ज जाऊ देते, वरचं अडवते. कंडेन्सर नेमकं उलटं करतो. मधल्या घुमटाच्या वाटेवर ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (मायक्रोफॅरड हे कंडेन्सरची क्षमता मोजायचं माप), ट्वीटरच्या वाटेवर ६ चा. वूफरच्या बाजूला १५० चा, पण तो वाटेवर उभा नाही, वूफरच्या दोन तारांमध्ये आडवा आहे. कॉइलमधून निसटलेलं वरचं तो परस्पर वळवतो.

[दृश्य: मेणाने भरलेला पुठ्ठ्याचा ठोकळा, तळहातावर.]

हा त्यातला एक. बाहेरून पुठ्ठा, आत मेण, मेणाच्या आत अॅल्युमिनियमची पातळ पन्नी आणि रसायनात भिजवलेला कागद. पन्नीवरचा ऑक्साइडचा थर म्हणजे कंडेन्सरचं काळीज. पन्नास वर्षांत कागद सुकतो, थर बिघडतो. मग दोन गोष्टी होतात. पहिली, मायक्रोफॅरडची किंमत सरकते. ती घटेलच असं नाही, बरेचदा मीटरवर वाढलेली दिसते. दुसरी, आतला विरोध वाढतो, म्हणजे कंडेन्सरच्या पोटातच एक छोटा रेझिस्टर तयार होतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याला ईएसआर म्हणतात. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा.

२००९ मध्ये मला नवीन नोकरी लागली होती, खिशात पैसे होते आणि इंटरनेटवर वाचून डोक्यात वारं शिरलं होतं. मामांना म्हटलं, "तुमच्या स्पीकरचे कंडेन्सर संपलेत. आपण अपग्रेड करू." मामा म्हणाले, "ते चालतायत की." मी म्हटलं, "चालतायत आणि वाजतायत यात फरक आहे." हे वाक्य मी तेव्हा फार हुशारीने टाकलं होतं.

परदेशातून पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे, महागडे फिल्म कंडेन्सर मागवले. १५० मायक्रोफॅरड फिल्ममध्ये बसवायचे म्हणजे वरणाच्या डब्याएवढे जाड नळकांडे लागतात, तेही एकाला एक जोडून. मागच्या दोन्ही कळा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी सरळ तार जोडली. आवाजाच्या वाटेत जेवढं कमी, तेवढं शुद्ध, असं वाचलं होतं. डावा स्पीकर रविवारी संध्याकाळी तयार झाला. उजवा पुढच्या रविवारी करायचा होता.

मामांनी ही टेप लावली. दोन मिनिटं डोळे मिटून बसले. म्हणाले, "तंबोरा डावीकडे सरकलाय. आणि टोचतोय."

पुढचा रविवार आला नाही. मी बंगलोरला गेलो. उजवा तसाच मूळचा राहिला, डावा अपग्रेड होऊन बसला आणि मामा पंधरा वर्षं रेडिओच्या बातम्या ऐकत राहिले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. हेच जास्त लागतं.

[दृश्य: टेबलावर एलसीआर मीटर. उजव्या स्पीकरचा कंडेन्सर, एक पाय सोडवलेला.]

आज दोन्ही उघडलेत. मोजायचं असेल तर कंडेन्सरचा निदान एक पाय सर्किटमधून सोडवावा लागतो, नाहीतर मीटर शेजारच्या कॉइलचीही बेरीज सांगतो. उजव्याच्या ५० वर आज ५९ दिसतात. ढोबळ हिशेब करू. साडेपाच ओहमच्या भाराला ५० मायक्रोफॅरड धरले, तर वाटणी ५७९ हर्ट्झला होते, कंपनीच्या ५७५ च्या अगदी जवळ. तेच ५९ धरले तर ती ४९० वर येते. दीड इंची घुमटाला मग त्याच्या कुवतीबाहेरचा खर्ज ओढावा लागतो. म्हणजे मामांचे कंडेन्सर खरोखर उतरले होते. माझं निदान चुकलं नव्हतं. चुकला तो उपचार.

नव्या फिल्म कंडेन्सरचा ईएसआर जवळपास शून्य असतो. जुन्याचा अगदी नवा असतानाही थोडा असायचा. कारखान्यात ज्यांनी हा स्पीकर कानाला आणि मोजमापाला जुळवला, त्यांनी तो त्या कंडेन्सरसकट जुळवला. ट्वीटर ४ ओहमचा धरा. त्याच्या वाटेतला अर्धा ओहम काढून टाकला तर ट्वीटर सुमारे एक डेसिबल वर येतो. एक डेसिबल म्हणजे हरभऱ्याएवढा फरक. पण सगळी वरची पट्टी एक डेसिबलने उचलली, की तंबोऱ्याची झार पुढे येते आणि खरज मागे पडतो.

त्याहून मोठा घोळ मी कळांशी घातला होता. पांढरा ठिपका ही कंपनीची नेहमीची जागा, आणि ती पूर्ण आवाजाच्या बरीच अलीकडे आहे. सरळ तार म्हणजे कळ कायमची टोकाला नेऊन ठेवणं. शिवाय कळेतली तार त्या छोट्या स्पीकरला समांतर असते. ती काढली की कंडेन्सरसमोरचा भार बदलतो आणि वाटणीची जागाही हलते. शुद्धीच्या नावाखाली मी एका स्पीकरचा वेगळाच स्पीकर करून ठेवला होता.

[दृश्य: कळ उघडलेली. चिनी मातीची कडी, तारेचं वेटोळं, त्यावर हिरवा थर.]

कळा मी फेकल्या नव्हत्या. मामींनी त्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या किल्ल्यांबरोबर ठेवल्या होत्या. उघडल्यावर हे दिसलं. समुद्र दोन मिनिटांवर, खारी हवा, आणि वेटोळ्यावर तांब्याच्या पूजेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. या मॉडेलचं हे जगभरचं दुखणं आहे, अगदी बॉस्टनमध्येसुद्धा. सरकणारी पट्टी त्या थरावर टेकली की मधला घुमट किंवा ट्वीटर गप्प होतो. मालक समजतो, स्पीकर जळला. कळ चारदा इकडून तिकडे फिरवली की आवाज परत येतो, थोडे दिवस.

आधी मऊ खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस, शेवटी बारीक काचकागदाचा एक हलका हात. घासायची फक्त पट्टी जिथे टेकते ती रेघ. तार केसाएवढी आहे, जोर लावला तर तुटते. एका कळेला पाऊण तास लागला. चारपैकी एकीची तार आधीच तुटलेली निघाली. तिच्यासाठी दुसरी शोधावी लागली.

[दृश्य: लॅमिंग्टन रोड. दुकानांच्या पाट्या, काउंटरवर कंडेन्सरचे पुडे.]

आता नवे भाग. लॅमिंग्टन रोडवर ६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मागितला, तर दुकानदाराने विचारलं, "पंखा का कूलर?" हसू नका. छताच्या पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच असतो, ४४० व्होल्टचा आणि पाच टक्क्यांच्या आत अचूक. अडीच, अडीच आणि एक समांतर जोडले की ६ झाले. चांदीच्या पन्नीचे, तेलात बुडवलेले, लग्नाच्या शालूच्या भावाचे कंडेन्सर मी वापरून बसलोय, म्हणून सांगतो, मायक्रोफॅरड बरोबर जुळलेला पंख्याचा कंडेन्सर मला जास्त भरवशाचा वाटतो. ज्यांना पटत नाही त्यांनी डोळे बांधून ऐकावं. १५० आणि ५० साठी नवे नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक घेतले, म्हणजे जुन्यांच्याच जातीचे, पन्नी आणि कागदाचे. जास्तीचे घेतले आणि मोजून डाव्या-उजव्याची जोडी लावली.

आणि हा पांढरा चौकोनी, ४७ शतांश ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर. टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो नव्या फिल्म कंडेन्सरच्या मागे जोडायचा, म्हणजे जुन्या कंडेन्सरच्या पोटात जो विरोध होता, तो आता बाहेरून, आपण ठरवू तेवढा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवतात ना, केसभर पुढे, केसभर मागे, त्यातलंच हे काम. फरक एवढाच, की इथे दोरा सोल्डरने पक्का होतो.

[दृश्य: वूफर परत बसतो. कडेला नवी लांबी. दोन बोटांनी पडदा हलकेच आत दाबला जातो.]

कापूस होता तेवढाच परत आत. वूफरच्या कडेला नवी लांबी, कारण भेग राहिली तर विलचरांची स्प्रिंग गेलीच. पडदा हलक्या हाताने दाबून सोडायचा. तो चटकन उसळला तर कुठेतरी गळती आहे. हा बघा, सावकाश येतोय.

चारही कळा पांढऱ्या ठिपक्यावर. तीच टेप.

[दृश्य: मामा खुर्चीत. डोळे मिटलेले. तंबोरा.]

"मामा, कुठे आहे?"

मामांनी हात उचलून समोरच्या भिंतीकडे केला. कॅलेंडरच्या थोडं उजवीकडे. मग उठले, उजव्या स्पीकरच्या मागे गेले, ट्वीटरची कळ अगदी किंचित मागे घेतली आणि परत येऊन बसले.

"आता कॅलेंडरवर. बातम्यांचा रेडिओ तू घेऊन जा."

[तंबोरा चालू राहतो. श्रेयनामावली.]