लाळेतून अल्झायमर ओळखता येईल का?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं वडीलधारं माणूस एकच प्रश्न पाचव्यांदा विचारतं आणि आपण म्हणतो, "वय झालं." ते अल्झायमरमुळे असेल, तर मेंदूतली पडझड तोवर 15-20 वर्षं चालू असते. अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींबाहेर साचतं, टाऊ नावाच्या प्रथिनाचा पेशींच्या आत गुंता होतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये हे दोन्ही बदल मांडले, पण रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासून. आज जिवंतपणी ते शोधायला पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढावं लागतं, नाहीतर मेंदूची प्रतिमा घेणारा महागडा पेट (PET) स्कॅन करावा लागतो. आता रक्ताची तपासणीही आली आहे. अमेरिकेत 2025 मध्ये तिला मान्यता मिळाली.

मग लाळच का? कारण कुपीत थुंकलं की काम झालं. सुई टोचायची नाही, थकलेल्या माणसाला धरून ठेवायचं नाही. अमायलॉइड आणि टाऊ लाळेतही सापडतात. 2017 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांना रुग्णांच्या लाळेत लॅक्टोफेरिन हे जंतूंशी लढणारं प्रथिन कमी आढळलं. आशा वाढली. पण 2021 मध्ये दुसऱ्या गटाने तपासलं, तेव्हा तो फरक दिसलाच नाही.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. लाळ फार चंचल. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, जेवणानंतरची आणखी वेगळी. हिरड्या सुजलेल्या असतील तर तिच्यात रक्त आणि जंतू मिसळतात. उतारवयातल्या कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं, म्हणजे लाळच कमी. त्यात अमायलॉइड लाळेत अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं आणि प्लास्टिकच्या कुपीला चिकटून बसतं! एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळत नाही, तो यामुळेही. लाळ कधी, किती आणि कशी गोळा करायची, हे सगळीकडे एकसारखं ठरणं मला नवं प्रथिन सापडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून कुणी आज लाळ तपासून "तुम्हाला अल्झायमर आहे" असं सांगितलं, तर कृपया त्यावर विसंबू नका. विसरणं वाढलं असेल तर डॉक्टरांना भेटा. बी-12ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही माणूस विसरतो आणि त्यांवर उपचार आहेत. जाताना एका कागदावर लिहून न्या: काय विसरतात, कधीपासून, आणि कोणकोणती औषधं चालू आहेत.