मार्टिन्स कोव्हचे आजी-आजोबा

[दृश्य: पत्र्याची शेड. ओळीने उभ्या हातगाड्या. बाहेर वाऱ्याचा घोंघाट.]

हातगाडी म्हटलं की आपल्याला भाजीवाल्याची गाडी आठवते. ही गाडी मात्र ढकलायची नाही, ओढायची. दोन मोठी लाकडी चाकं, वर उथळ खोका आणि पुढे आडवा दांडा. दांड्याच्या आत शिरायचं, अंग पुढे टाकायचं आणि चालू लागायचं. शेडमधले आजोबा एकेक चाक हाताने फिरवून बघतायत. आरा सैल वाटला की गाडी बाजूला. थोड्या वेळात मुलांची मोठी तुकडी येईल आणि या गाड्या माळावर ओढत नेईल.

आजोबांच्या शर्टावर काळी नावपट्टी आहे: ‘एल्डर’ आणि पुढे आडनाव. शेजारच्या इमारतीत पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या आजींच्या पट्टीवर ‘सिस्टर’. दोघं नवराबायको, नोकरीतून निवृत्त. इथे राहतात ते पदरमोड करून.

[दृश्य: वरून दिसणारे ग्रॅनाइटचे डोंगर, स्वीटवॉटर नदी, डेव्हिल्स गेटची खिंड.]

हे अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. कॅस्पर शहरातून नैऋत्येला तासभर गाडी चालवली की मार्टिन्स कोव्ह येतं. आजूबाजूला वस्ती जवळजवळ नाहीच. वारा मात्र भरपूर. ही जागा सांभाळतं ते ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात.

मॉर्मन मिशनरी म्हणजे पांढरा शर्ट, टाय आणि जोडीने दारोदार फिरणारी पोरं, हे चित्र जगभर ओळखीचं आहे. ज्येष्ठ जोडप्यांचं काम निराळं. मुलंबाळं मार्गी लागली, नोकरी संपली, तब्येत धड आहे, असं बघून ती नाव नोंदवतात. सेवा सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आतबाहेर. कुणाच्या वाट्याला कार्यालय येतं, कुणाच्या वाट्याला अशी एखादी ऐतिहासिक जागा. इथे आलं की गवत कापायचं, नळ दुरुस्त करायचे, शौचालयं धुवायची, हातगाड्या द्यायच्या आणि परत मोजून घ्यायच्या. धर्मप्रचार म्हणाल, तर दिवसाचा बराच भाग हातात पाना नाहीतर झाडू असतो.

आणि एक गोष्ट सांगायची असते. खरं अवघड काम ते.

[दृश्य: जुन्या पायवाटेची रेघ. हातगाडीचं चाक, अगदी जवळून.]

1856 साल. ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातले हजारो गरीब मॉर्मन अमेरिकेतल्या युटाकडे, आपल्या पंथाच्या वसाहतीकडे, निघाले होते. पंथाच्या स्थलांतर निधीत खडखडाट होता, बैलगाड्या परवडत नव्हत्या. पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी तोडगा काढला: हातगाड्या ओढत चालत या. आयोवा सिटी ते युटातलं सॉल्ट लेक, सुमारे 2,100 किलोमीटर. माणशी सामान 17 पौंड, म्हणजे आठ किलोही नाही.

योजना वेडगळ वाटते, पण त्या वर्षीच्या पहिल्या तीन तुकड्या नीट पोहोचल्या. घात झाला तो शेवटच्या दोन तुकड्यांचा, विली आणि मार्टिन यांच्या. त्यांना युरोपातूनच निघायला उशीर झाला होता. आयोवात गाड्या तयार नव्हत्या. घाईघाईत ओल्या लाकडाच्या गाड्या ठोकल्या, त्या कोरड्या हवेत आक्रसल्या आणि वाळूने आस झिजले. वंगण नाही, म्हणून लोक डुकराच्या मांसाची चरबी आणि साबण चोळत होते. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला लीव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसाने सांगून पाहिलं की आता निघालात तर म्हातारीकोतारी आणि लेकरं मरतील. त्याचं कुणी ऐकलं नाही. मग तोही त्यांच्याच बरोबर निघाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर डीअर क्रीकला मार्टिनच्या तुकडीने गाड्या हलक्या करायच्या म्हणून पांघरुणं आणि कपडे जाळले. दोनच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदीच्या गार पाण्यातून ती माणसं पलीकडे गेली आणि त्याच दिवशी बर्फ पडायला लागलं.

तिकडे सॉल्ट लेकमध्ये ब्रिगहॅम यंग यांना बातमी कळली होती. 5 ऑक्टोबरच्या सभेत त्यांनी प्रवचन बाजूला ठेवून गाड्या, पीठ आणि खेचरं मागितली. दोन दिवसांत पहिली मदत निघाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मार्टिनच्या लोकांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून डोंगराच्या कुशीत मुक्काम केला. तीच ही जागा. नेमका मुक्काम कुठे होता यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. दोन्ही तुकड्यांत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती. दोनशेहून अधिक मेली.

विलीच्या तुकडीत एक बाई आपल्या मुंबईची होती. एलिझाबेथ झेवियर टेट. जन्म मुंबईचा. नवरा विल्यम टेट हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत होता आणि तो आधीच युटाला गेला होता. त्या काळात मॉर्मन मिशनरी मुंबई-पुण्यात येऊन गेले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुंबईचा उकाडा अंगवळणी पडलेली ही बाई वायोमिंगच्या बर्फातून गेली. तिची तान्ही मुलगी वाटेतच गेली. ती स्वतः युटाला पोहोचली आणि सीडर सिटीत तिने संसार केला.

[दृश्य: लांब झगे आणि बॉनेट घातलेल्या मुली, गाडी ओढणारी मुलं. धूळ.]

दर उन्हाळ्यात हजारो किशोरवयीन मुलं त्या प्रवासाचा अनुभव घ्यायला इथे येतात. फोन घरी, पायात बूट, समोर हातगाडी. पहिल्या चढापर्यंत दंगा असतो, मग आपोआप आवाज कमी होतो. त्यांना ही कथा सांगताना आजी-आजोबांची कसोटी लागते. सगळा भर श्रद्धेवर दिला की ढिसाळ नियोजन झाकलं जातं, आणि नुसत्या चुका मोजल्या तर त्या माणसांच्या धीराची किंमत राहत नाही. मला विचाराल तर सॅव्हेजचं नाव न घेता ही गोष्ट सांगणं म्हणजे ती अर्धीच सांगणं.

शिवाय ऐकणारे सगळे मॉर्मन नसतात. चर्चने 1990 च्या दशकात शेजारचं सन कुटुंबाचं रँच घेतलं, पण कोव्हची जमीन सरकारचीच आहे. 2004 मध्ये ती भाडेपट्ट्याने चर्चकडे आली तेव्हा सार्वजनिक जमिनीवर धर्म कशाला, म्हणून खटला झाला. 2006 मध्ये तडजोड झाली. कुणाला नुसते खडक बघायचे असतील, तर त्याने खुशाल खडक बघावेत.

[दृश्य: नदीकाठी थांबलेली तुकडी. आजी बोलतायत.]

इथली सगळ्यात लाडकी कथा या स्वीटवॉटर नदीची आहे. अठरा वर्षांच्या तीन मुलांनी गारठलेल्या माणसांना पाठीवर घेऊन तिघांनीच पलीकडे नेलं आणि त्या थंडीने पुढे तिघंही दगावले, असं कित्येक पिढ्या सांगत आल्या. नंतर कागदपत्रं तपासली गेली. वाहून नेणारे तिघांपेक्षा जास्त होते. तिघं अठरा वर्षांचेही नव्हते.

“म्हणजे ते मेले नाहीत?” पुढे बसलेला मुलगा विचारतो. त्याला जरा फसवल्यासारखं झालंय.

“नाही रे बाळा,” आजी म्हणतात. “त्यातला डेव्हिड किंबॉल सतरा वर्षांचा होता. तो 1883 पर्यंत जगला. पण पाण्यात उतरला होता, हे खरंच आहे. चला, आता गाड्या उचला.”