ठिपका खाडीत उभा राहिला

नमस्कार, श्रोतेहो.

संध्याकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. पलीकडे माझ्या मित्राची बायको. "भाऊजी, हे पाण्यात आहेत हो!" एवढंच म्हणाल्या आणि पुढे त्यांना बोलवेना.

झालं होतं असं. माझे तीन मित्र सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघाले होते. त्यातल्या एकानं जाताना बायकोच्या फोनवर ते व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन चालू करून दिलं. नकाशावर ठिपका सरकत राहतो, तो बघत बसायचं. वहिनी सकाळपासून भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्या ठिपक्याकडे एक डोळा ठेवून होत्या. हे लोकेशन एका वेळी फार तर आठ तास चालतं. पहाटे सहाला चालू केलेलं दोनला बंद पडलं, तेव्हा पहिला घोर लागला. मग दापोलीत जेवल्यावर त्यानं पुन्हा चालू केलं, घोर मिटला. पावणेपाचला ठिपका दाभोळच्या खाडीत शिरला आणि मध्यावर जाऊन उभा राहिला. पावणेदोन तास हलला नाही.

कोकणातून सायकल नेलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, या सगळ्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या असतात. मोटारी, ट्रक, म्हशी, सायकली, सगळं एकाच बोटीवर. आमच्या गड्याचा फोन नेमका बोटीवर असताना मेला. पलीकडे उतरून त्यांनी वडापाव खाल्ला आणि गुहागरचा रस्ता धरला. दुसऱ्याचा फोन बॅगेच्या तळाशी होता आणि तिसऱ्याला रेंज नव्हती. सव्वासातला गुहागरच्या एका खानावळीतून फोन आला, "अरे, इथं सोलकढी काय सुंदर आहे!" वहिनींनी त्या सोलकढीला काय उत्तर दिलं, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

मी स्वतः लांबच्या सायकलफेऱ्या करत नाही. करत होतो, मग उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. तेव्हापासून मी साताऱ्यात घरी बसून या तिघांचा पोस्टमास्तर असतो. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, मी पोस्टातच बत्तीस वर्षं नोकरी केली आहे. लांबच्या सायकल प्रवासावर बोलणारे पुष्कळ असतात, गिअर कुठले, टायर कुठले, दिवसाला किती किलोमीटर. घरी राहिलेल्याला कुणी विचारत नाही. म्हणून आज त्याच्या बाजूनं बोलतो.

ऐंशीच्या दशकात माझी तीन वर्षं पणजीच्या पोस्टात गेली. तिथं एक खिडकी होती, 'पोस्ट रेस्टांट'ची. आता पुष्कळांना हा शब्द माहीतही नसेल. ज्याला पत्ता नाही अशा प्रवाशाला त्याच्या नावानं, अमुक गावच्या मुख्य पोस्टाच्या पत्त्यावर पत्र पाठवायचं. पोस्ट ते सांभाळून ठेवतं. प्रवासी येतो, पासपोर्ट दाखवतो, पत्र घेऊन जातो. यात एक मेख असायची. पत्रं आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खणांत लावलेली असत, आणि परदेशी माणसाचं नाव कुठलं न् आडनाव कुठलं याचा आमच्यात रोज वाद. म्हणून मुरलेला प्रवासी खिडकीशी आला की दोन्ही अक्षरांचे खण बघायला लावायचा.

एकदा असाच एक सायकलवाला आला. नाकाची सालटं निघालेली, सायकलच्या मागे दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या. त्याची अकरा पत्रं निघाली. तो बाहेर पायरीवर बसला, पाकिटं आधी तारखेनं लावली आणि मग एकेक फोडून वाचली. दुपारची जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी तो तिथंच. एका पत्राला हसला, एका पत्रानंतर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग आत येऊन त्यानं पुढच्या पोस्टाचं नाव लिहून दिलं आणि मागून काही आलं तर तिकडे पाठवायची विनंती केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सायकल तो चालवतो, पण त्याचा मुक्काम कुठं आणि केव्हा असेल याचा हिशेब घरी कुणीतरी महिनाभर आधी मांडलेला असतो. पत्र तिथं त्याच्याआधी पोचायला हवं ना!

या बाबतीत मला सगळ्यांत आवडते ती आयर्लंडची डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं, आणि तिनं ठरवलं, आपण सायकलवरून हिंदुस्थानात जायचं. पण आई संधिवातानं अंथरुणाला खिळलेली. तिची सेवा करण्यात सोळा वर्षं गेली. आईवडील दोघंही गेल्यावर, १४ जानेवारी १९६३ला, आपल्याकडे तिळगूळ वाटतात त्या दिवशी, ती फ्रान्सच्या डंकर्कहून निघाली. युरोपात त्या साली हाडं फोडणारा हिवाळा होता. जुलैत ती दिल्लीला पोचली. सुटे टायर तिनं वाटेवरच्या वकिलातींकडे आधीच पाठवून ठेवले होते, ही गोष्ट आमच्या मंडळींना मी पाठ करायला लावली आहे. ती रोज रोजनिशी लिहायची, आणि भरवशाचं पोस्ट दिसलं की तेवढी पानं घरच्या मित्रमंडळींना टाकायची. ती पानं एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आणि शेवटी जपून ठेवली जात. पुढे त्याच पानांचं पुस्तक झालं.

युगोस्लाव्हियात तिच्यावर लांडगे आले आणि तिनं जवळच्या पिस्तुलानं गोळी झाडली. आता विचार करा, हे आयर्लंडमधल्या मैत्रिणीनं कसं वाचलं असेल? पत्र हातात आहे, अक्षर तिचंच आहे, म्हणजे बाई सुखरूप आहे. लांडग्याची भीती वाटायच्या आधीच ती निवलेली. पत्र सांगतं, 'असं झालं होतं.' ठिपक्याचं तसं नाही. काय चाललंय ते तो सांगत नाही, नुसता असतो, नाहीतर नसतो. वहिनींना नकाशावर काहीच दिसत नसतं, आणि 'रात्री नऊला फोन' एवढंच ठरलेलं असतं, तर साडेसहाला त्या निवांत मालिका बघत बसल्या असत्या.

आपल्या मुंबईचंच बघा. १५ ऑक्टोबर १९२३ला सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. तिघे निरनिराळ्या टप्प्यांवर गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असं करत १८ मार्च १९२८ला मुंबईत परतले. एकाहत्तर हजार किलोमीटर. त्यांच्या आयांचा मी कितीदा विचार केला आहे! तेव्हा विलायतेची डाक बोटीनं आठवड्याला एकदा बॅलार्ड पिअरवर यायची. त्या डाकेतलं पत्र मुंबईत कुणाच्या हाती पडेपर्यंत पोरं आणखी एक देश ओलांडून गेलेली असणार.

आता आमच्या तिघांची २०१४ सालची गोष्ट. तिघे मनाली ते लेह निघाले. एक बँकेतला, एक शाळामास्तर आणि तिसऱ्याचं लेथचं वर्कशॉप आहे. हा रस्ता तेव्हा पावणेपाचशे किलोमीटरचा होता. वाटेत तांडीला पेट्रोलपंप होता, तिथं पाटीच होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलवाल्याला पेट्रोलचं सुख-दुःख नाही, पण फोनची गत तेव्हा तीच होती. जिस्पा गाव मागे पडलं, की थेट लेहच्या अलीकडच्या उपशीपर्यंत घरी कळवायची सोय नव्हती. शिवाय आपलं प्रीपेड सिम तेव्हा लडाखमध्ये चालतच नसे, पोस्टपेड लागायचं. परदेशी प्रवासी उपग्रहावरून निरोप धाडणारी छोटी यंत्रं बाळगतात, ती आपल्या देशात सरकारी परवानगीशिवाय वापरायला बंदी. तेव्हा हातात उरलं काय? वही आणि आपसात ठरवलेली बोली.

आम्ही तिन्ही घरच्या माणसांना माझ्या घरी चहाला बोलावलं. मी वहीत लिहिलं: सोमवारी जिस्पा सोडणार. सोमवार ते शनिवार दुपार, कुणाचाही फोन येणार नाही आणि कुणीही घाबरायचं नाही. शनिवारी संध्याकाळी उपशीहून फोन. वारा-पाऊस धरून रविवार मोकळा. सोमवारी दुपारी बारापर्यंत आवाज आला नाही, तरच मी हालचाल करीन, आणि कुठल्या क्रमानं कुणाला फोन करायचे ते इथं लिहिलंय. मास्तरांच्या सौंनी खाली सहीसुद्धा केली.

बुधवारी लेथवाल्याचे वडील मोरीत घसरून पडले. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी ऑपरेशन झालं. मुलगा तेव्हा वाटेवरच्या पांगच्या आसपास कुठंतरी, गाटा लूप्स नावाच्या घाटाची एकवीस वळणं चढून गेलेला.

शुक्रवारी रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणी ट्रक ड्रायव्हर होता, जिस्पाच्याही अलीकडच्या केलाँगहून बोलत होता. "आपके तीन आदमी पांग में मिले थे जी. तंबू में चाय पी रहे थे. बोले, सब ठीक है." आमच्या लोकांनी चिठ्ठीवर माझा नंबर लिहून त्याला दिला होता, आणि त्या भल्या माणसानं रेंज मिळताच आधी तो फिरवला. मी तिन्ही घरी कळवलं. लेथवाल्याच्या आईनं विचारलं, "त्याला सांगितलंस का रे, बाळा?" मी म्हणालो, कसं सांगणार?

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला उपशीहून फोन आला. मी लेथवाल्याला बोलावलं. आधी चहा घे म्हटलं, आणि मग सांगितलं: दादा पडले, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहेत, आज भाकरी मागितली. तो काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रकमध्ये सायकल टाकून तो लेहला गेला आणि तिथून विमानानं घरी आला. दादा पुढे काठी टेकत हिंडूफिरू लागले.

दोन महिन्यांनी तो माझ्याकडे आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि म्हणाला, "त्या ड्रायव्हरचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता. केलाँगहून रात्री गाड्या वर सुटतात. एखाद्याबरोबर चिठ्ठी देता आली असती."

श्रोतेहो, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. शुक्रवारी रात्रीच सुचलं होतं. पण मी हिशेब केला. चिठ्ठी मिळाली तर शनिवारी मिळणार, रस्त्यात, तंगलांग लाच्या चढावर. सतरा हजार फुटांच्या वरची खिंड. तिथं त्याला ती वाचायला मिळून तो घरी एक तासही लवकर पोचला नसता. उलट त्या मनःस्थितीत तो उतारावर सायकल कशी सोडेल, याची मला भीती वाटली. म्हणून मी गप्प बसलो. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझा हिशेब बरोबर असेल लेका, पण बाप माझा होता."

यावर आजही मला उत्तर सापडलेलं नाही. आमची दोस्ती शाबूत आहे, पण ते वाक्य अधूनमधून पायात सलतं.

तेव्हापासून वहीत एक नवं पान आलं. निघण्यापूर्वी प्रत्येकानं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, घरचं काय कळवायचं, कधी कळवायचं आणि काय परत आल्यावर सांगितलं तरी चालेल. बँकवाल्यानं गेल्या खेपेला लिहिलं: 'घरात कुणाला काहीही झालं तरी ताबडतोब. पगारवाढीच्या थकबाकीचं झालं तरी ताबडतोब. भारत मॅच हरला तर अजिबात नाही.' मास्तरांनी अर्धं पान लिहिलं, त्यात त्यांच्या मांजरीसाठी वेगळं कलम आहे.

बाकी आता फोन रात्री साडेआठलाच येतो, दोन मिनिटांचा. मुक्काम कुठं, उद्या कुठवर, जेवण काय, अंग कसं. ठिपका बंद. मात्र प्रत्येक दौऱ्यातून एक पोस्टकार्ड टाकायचं, हा माझा हट्ट आहे. पन्नास पैशांचं कार्ड बहुधा माणसाच्या मागून येतं. तो माझ्यासमोर बसून चहा पीत असतो आणि पोस्टमन त्याचंच कार्ड आणून देतो. मग तो ते स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि फोनवर न सांगितलेलं काहीतरी त्यात हमखास निघतं. कुठल्याशा गावात शाळेच्या पोरांनी चढावर मागून सायकल ढकलली, असलं काहीतरी.

येत्या गुरुवारी तिघे पुन्हा निघताहेत, या वेळी कन्याकुमारीला. वही काल फिरवली. दोघांनी आपापली पानं भरून दिली. लेथवाल्यानं वही घरी नेली आहे, म्हणाला, "दोन दिवस ठेवतो."

नमस्कार.