ए बाजू, बी बाजू

मंडळी, ही कॅसेट बघा. सी-नव्वद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांची. पाठीमागचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे मोडलेत, चुकून कुणी यावर दुसरं काही भरू नये म्हणून. ए बाजूला भीमसेन जोशींचे अभंग, बी बाजूला त्यांचीच दासवाणी, म्हणजे कन्नड संतांची पदं. ए बाजूचं लेबल माझ्या वडिलांच्या हातचं, मराठीत. बी बाजूचं कन्नडमधलं शेजारच्या अप्पांनी लिहिलं. दोन टेप समोरासमोर ठेवून, खिडक्या बंद करून दोघांनी ती भरली. मधेच कुकरची शिट्टी ऐकू येते, ती आमच्या आईची.

साल १९८६. भाषेवरून बेळगावात वातावरण केवढं तापलं होतं, ते इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. त्या दिवसांतही अप्पा रात्री जेवून यायचे आणि म्हणायचे, "लाव की रे ती." अभंगात तुकोबांचा विठ्ठल, आणि कॅसेट उलटली की पदाच्या शेवटी पुरंदरदासांची मुद्रा, म्हणजे कवीची नाममुद्रा, पुरंदरविठ्ठल. देव एक आणि गळाही एकच, गदगच्या मुलखातला. मला कन्नड कळायला लागलं ते शाळेत नव्हे, या बी बाजूवर.

लोक तबकडीच्या आठवणी काढतात, काढू देत. पण ख्यालाला, म्हणजे आपल्या रागदारी गाण्याला, श्वास दिला तो कॅसेटनं, असं मी मानतो. ७८ च्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचा, एल.पी.च्या, म्हणजे नंतरच्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. इथं सलग पंचेचाळीस! विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, निवांत उलगडू शकतो. शिवाय भरायला कंपनी लागत नाही. बैठकीत पुढं बसायचं, टेप मांडीशी ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं, बस्स.

तशीच एक बैठक आम्ही टिळकवाडीत एका घरी भरली. बटणावर बोट माझं. गवई रंगात आले, तान वर चढली, तबलजी मान हलवत समेकडं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडं, निघाला आणि 'खट्'. बाजू संपली. अंधारात कॅसेट काढायची, उलटायची, पुन्हा बसवायची. माझे हात थरथरत होते. तेवढ्यात सम येऊन गेली. वडील काही बोलले नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवला.

आज फोनवर हवं ते गाणं मिळतं आणि ते मी रोज ऐकतो. पण त्या बैठकीची टेप मी पोरांना काही न कापता ऐकवतो. ए बाजू तानेवर तुटते. बी बाजू सुरू होते ती 'क्या बात है'पासून, आणि तो आवाज अप्पांचा.

मशीन आणलंय. पुढच्या रांगेतल्यांनी जरा सरकून घ्या, आवाज बारीक आहे. लावतो.